उस्ताद बहगत यांची निर्दोष सुटका

लिफ्ट बंद पडली ती गुरुवारी दुपारी सव्वा बाराला, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या बरोबर मधे, आणि तेव्हा तिच्या आत पाचव्या मजल्यावरच्या हज्जा इन्साफ होत्या. शिवाय भरल्या कबुतरांचं एक पातेलं होतं. हज्जा ते धाकट्या बहिणीकडे घेऊन निघाल्या होत्या. दारवान बखीतकाकांनी लोखंडी कांब घालून दार उघडेपर्यंत दोन तास दहा मिनिटं गेली आणि पातेल्यातली सहापैकी चार कबुतरंही गेली. "जीव घाबरा झाला की माझा हात तोंडाकडे जातो," असं हज्जांनी नंतर सांगितलं. बाहेर येताच मात्र त्यांनी पाणी मागितलं नाही, की देवाचं नाव घेतलं नाही. तिसऱ्या मजल्यावर बखीतकाकांच्या खांद्याला धरून त्या उभ्या राहिल्या आणि जिन्याच्या पोकळीत तोंड घालून ओरडल्या,

"बहगतचं कपाट!"

पाच मजल्यांनी ते ऐकलं. चौथ्या मजल्यावर स्वतः उस्ताद बहगत तीन मुलींना इंग्रजीतला कर्मणी प्रयोग शिकवत होते. त्यांनीही ऐकलं.

कपाटाची हकिगत खरी होती. आदल्या संध्याकाळी उस्तादांनी जुन्या बाजारातून पुस्तकांसाठी एक शिसवी कपाट आणलं होतं आणि बखीतकाकांच्या मदतीने ते लिफ्टमधून वर नेलं होतं. कपाट नेताना अख्ख्या इमारतीने पाहिलं होतं, कारण इजिप्तमधल्या आमच्या इस्माइलिया शहरात संध्याकाळी सहाला कोण काय घरी नेतोय हे पाहण्यासाठीच बाल्कन्या बांधलेल्या आहेत. संध्याकाळी कपाट चढलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्ट अडकली. आणखी पुरावा कुणाला हवा?

बहगत यांना हवा होता. पस्तीस वर्षं सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस तो. पुराव्याशिवाय त्यांनी कधी स्वल्पविरामसुद्धा मान्य केला नव्हता. त्यांनी शिकवणीचा फळा जिन्यात आणून ठेवला आणि हिशेब मांडला: लिफ्टची क्षमता तीनशे वीस किलो. कपाट नव्वद. मी चौऱ्याहत्तर. बखीतकाका फेट्यासकट अठ्ठावन्न. एकूण दोनशे बावीस. इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण शिक्षकाला तळटीप दिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी खाली लिहिलं: 'यात हज्जांचं वजन धरलेलं नाही.'

त्यांना इतकंच म्हणायचं होतं की हज्जा त्या वेळी लिफ्टमध्ये नव्हत्या. हज्जांना जे समजायचं ते समजलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

आता हे बोलणं बंद होणं म्हणजे काय, ते बहगत यांच्या बायकोला, सिहामला विचारायला हवं. बावीस वर्षं रोज संध्याकाळी पाचला सिहाम पाचव्या मजल्यावर जायची. दोघी कॉफी प्यायच्या, मग हज्जा सिहामचा कप बशीत उपडा घालून तळच्या गाळात तिचं भविष्य वाचायच्या. त्यात बहुतेक वेळा प्रवास असायचा आणि एक उंच माणूस असायचा. सिहामने बावीस वर्षांत जवळच्या झगाझिग गावाच्या पलीकडे प्रवास केला नव्हता आणि बहगत बुटके होते, पण म्हणून काय झालं? आता सिहाम पाचला स्वतःच्या स्वयंपाकघरात एकटी कॉफी प्यायची. एकदा तिने कप बहगत यांच्यापुढे धरला.

"बघ काय दिसतंय."

बहगत यांनी चष्मा लावून पाहिलं. "गाळ," ते म्हणाले.

"तुझ्यापेक्षा लिफ्टशी बोललेलं बरं," सिहाम म्हणाली आणि कप विसळायला घेतला.

इमारतीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष होते दुसऱ्या मजल्यावरचे कॅप्टन शाकिर. तीस वर्षं टगबोटीवर घालवलेला हा माणूस जिन्यातसुद्धा 'डावीकडून' न म्हणता 'पोर्टकडून' म्हणायचा. त्यांनी कपाटाची तक्रार कळवून लिफ्टच्या कंपनीला बोलावलं. कंपनी परदेशी होती. तिचा इंजिनिअर आला, दिवसभर शाफ्टमध्ये टॉर्च मारत राहिला, कुणाशी बोलला नाही आणि आठवड्याने दोन पानांचा इंग्रजी अहवाल आला. कॅप्टननी तो बहगत यांच्या हातात दिला. पहिल्या पानाच्या मधोमध लिहिलेलं होतं: 'द फोर्थ-फ्लोअर रेसिडेंट इज फुली एक्झॉनरेटेड.'

बहगत यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं. काय शब्द होता! 'नॉट गिल्टी' असलं कोरडं काही नाही, 'इनोसंट' असलं लहान मुलाला शोभणारं नाही. एक्झॉनरेटेड! माणसावर आलेला सगळा ठपका धुऊन, पुसून, इस्त्री करून परत दिल्यासारखा. पस्तीस वर्षांत हा शब्द त्यांनी किती मुलांना शिकवला होता आणि किती मुलांनी तो चुकवला होता! स्वतःसाठी वापरायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती. दुसऱ्या पानावर आकृत्या होत्या, बाण होते, बारीक अक्षरं होती. सुट्या भागांची यादी असेल म्हणून त्यांनी त्यावरून नुसती नजर फिरवली. मग लाल पेनने ते वाक्य अधोरेखित केलं आणि अहवाल तळमजल्याच्या सूचनाफलकावर, टपालपेट्यांच्या वर टाचून टाकला.

तासाभरात फलकासमोर गर्दी.

"लाल रेघ मारलीय," बखीतकाका म्हणाले. "म्हणजे चूक."

"चूकच," हज्जा म्हणाल्या. त्या भाजीची पिशवी घेऊन पाच मजले चढायच्या आधी तिथे दम खात होत्या. "शिक्षक लाल रेघ कुठे मारतो? चूक असते तिथेच."

"पण शब्दाचा अर्थ काय, कॅप्टन?" कुणीतरी विचारलं.

कॅप्टननी शब्दाकडे धुक्यातल्या दिव्याकडे पाहावं तसं पाहिलं. "समुद्रावर 'एक्स' म्हणजे माजी," ते म्हणाले. "एक्स-कॅप्टन म्हणजे माजी कॅप्टन. आणि 'ऑनर' म्हणजे मान. तेव्हा एक्स-ऑनरेटेड..." इथे त्यांनी आवाज खाली आणला. "...म्हणजे माजी सन्माननीय. पूर्वी मान होता. आता नाही."

"अरेरे," बखीतकाका म्हणाले.

बहगत हे ऐकून जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आले. "कॅप्टन! एक्झॉनरेटेड म्हणजे दोषमुक्त! माझा काही दोष नाही असं इंजिनिअर म्हणतोय!"

"हे कोण सांगतंय?" हज्जा भिंतीकडे बघून म्हणाल्या. बोलणं बंद असल्यामुळे त्या भिंतीमार्फत बोलत. "ज्याच्यावर आरोप, तोच निकाल वाचून दाखवणार का?"

भिंतीला उत्तर देता येईना आणि कॅप्टनना मुद्दा पटला. "नियमाने चालू या," ते म्हणाले. "अधिकृत अरबी भाषांतर आण. शिक्क्याचं."

इथून उस्ताद बहगत यांचे खरे हाल सुरू झाले.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत फिक्री नावाच्या गृहस्थांचं भाषांतराचं कार्यालय होतं. कार्यालय म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि पंख्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेले चार चहाचे ग्लास. फिक्रींची हयात ड्रायव्हिंग लायसन्स आणि लग्नाचे दाखले भाषांतरित करण्यात गेली होती. असं पूर्ण वाक्य त्यांच्याकडे फार दिवसांनी आलं होतं, त्यामुळे ते हरखून गेले.

"पानाला एक दर," ते म्हणाले. "दोन्ही पानं?"

"पहिलंच," बहगत म्हणाले. "दुसऱ्यात नुसते स्क्रू आहेत."

संध्याकाळी भाषांतर फलकावर लागलं. फिक्रींनी लिहिलं होतं: 'चौथ्या मजल्यावरील रहिवाशास संपूर्ण माफ करण्यात येत आहे.'

"माफ?" हज्जा भिंतीला म्हणाल्या. "माफ करणारा हा इंजिनिअर कोण? दोन तास लिफ्टमध्ये मी होते की तो? मी तर नाही केलं माफ!"

"आणि माफी कुणाला मिळते? ज्याने काही केलंय त्यालाच," कॅप्टन म्हणाले.

वर घरात सिहाम वाट पाहत होती. "मी तुला सांगितलं होतं, स्वतः लिहून दे त्याला," ती म्हणाली. "आता सगळे म्हणतायत, बहगतने केलं, पण परदेशी माणूस मनाने मोठा निघाला."

दुसऱ्या दिवशी बहगत शब्दकोश काखेत मारून फिक्रींकडे गेले. अर्धा तास दोघांची खडाजंगी झाली. फिक्रींचं म्हणणं असं की माफ काय आणि दोषमुक्त काय, माणूस सुटला ना? बहगत यांचं म्हणणं असं की एका शब्दात माणूस गुन्हा करून सुटतो आणि दुसऱ्यात तो गुन्हा करतच नाही, आणि हा फरक ज्याला कळत नाही त्याने पंख्याखाली बसू नये. शेवटी फिक्रींचा स्वाभिमान जागा झाला.

"तुम्हाला जोरकस शब्द हवाय ना? देतो. आणि वर गरुडाचा शिक्काही मारून आणा. मग बघू कोण बोलतं ते."

गरुडाचा शिक्का म्हणजे सरकारी शिक्का. तो ज्या टेबलावर होता, त्याच्या खणाची किल्ली ज्या कारकुनाकडे होती, तो नाश्त्याला फूल नावाची बाकल्याची उसळ खायला गेला होता. दीड तासाने तो जेव्हा तोंड पुसत आला, तेव्हा त्याने कागद उलटा धरून वाचला.

"लिफ्ट तुमच्या नावावर आहे?"

"नाही."

"मग निर्दोष कोण? तुम्ही की लिफ्ट?"

"मी."

"लिफ्टवर खटला कुणी भरला?"

"लिफ्टवर नाही हो, माझ्यावर. म्हणजे माझ्यावरही खटला नाही. हज्जा इन्साफ म्हणतात की..."

"हज्जांचं ओळखपत्र आणलंय?"

बहगत यांनी डोळे मिटून मनातल्या मनात अनियमित क्रियापदं म्हटली. शाळेत वर्ग ताब्याबाहेर गेला की ते तेच करत. 'राइज, रोज, रिझन'पर्यंत आले तेव्हा धपकन आवाज झाला. कारकुनाने कंटाळून शिक्का मारला होता.

नवा कागद फलकावर लागला. वर गरुड, खाली फिक्रींचा जोरकस शब्द: 'चौथ्या मजल्यावरील रहिवाशाची सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता.'

अर्थाने जवळजवळ बरोबर होतं. बहगत यांनी त्या रात्री दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

सकाळी दाराची घंटा वाजली. खालचा किराणावाला सरबताची बाटली घेऊन उभा होता. त्याने बहगत यांना छातीशी धरलं. "अल्लाहचे आभार, उस्ताद! मला तर माहीतच नव्हतं तुम्ही आत होतात म्हणून. मी समजत होतो, उधारी टाळायला दुसऱ्या रस्त्याने जाताय."

"आत? कुठे आत?"

"असू दे, असू दे," किराणावाला डोळे पुसत म्हणाला. "मर्दांच्या वाट्याला येतं असं."

दुपारपर्यंत सात माणसं अभिनंदन करून गेली. कोर्टामागच्या गल्लीतला कागद, वर गरुड, त्यात 'आरोप' आणि 'मुक्तता', म्हणजे खटला चालला हे उघडच होतं. प्रश्न फक्त कशाचा, एवढाच उरला होता. पहिल्या मजल्यावर मत पडलं की सरकारविरुद्ध काहीतरी बोलले असतील. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तो दोन बायका केल्याचा खटला झाला होता. चारच्या गाडीने झगाझिगहून सिहामचा भाऊ आला. त्याच्या हातात घोंगडी, साबण आणि सिगारेटची आख्खी पेटी होती. बहगत सिगारेट ओढत नसत.

"आत नेऊन द्यायला आणली होती," तो दारातच हुंदके देत म्हणाला. "सुटलास, बरं झालं. घोंगडी ठेव पण."

हेही सगळं बहगत यांनी सोसलं असतं. पण मग फोन वाजला. शिकवणीतल्या एका मुलीची आई होती. फार गोड आवाजात म्हणाली, उस्तादांबद्दल आम्हाला आदरच आहे, पण मुलीचे वडील म्हणतात की परीक्षा होईपर्यंत ती मावशीकडे शिकेल. मग दुसरीचा फोन आला. तिसरीच्या आईने फोन केला नाही, मुलगीच आली नाही.

बहगत रिकाम्या टेबलापाशी बसले. फळ्यावर अजून 'हॅज बीन ब्रोकन' लिहिलेलं होतं. पस्तीस वर्षांत त्यांच्या वर्गातून एकही विद्यार्थी निघून गेला नव्हता. म्हणजे कंटाळून गेले असतील, पण खिडकीतून, दारातून नाही.

सिहाम येऊन शेजारी बसली. या वेळी ती टोचून बोलली नाही. "जाऊ दे ना तो शब्द," ती म्हणाली. "तू केलं नाहीस हे मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग? तू तर माझीच आहेस."

"मग तिसऱ्यांदा जाणार तर."

"एकदाच," बहगत म्हणाले. "शेवटचं."

तिसऱ्यांदा त्यांनी शब्दाच्या मुळालाच हात घातला. शब्दकोश उघडून फिक्रींना दाखवलं की हा शब्द लॅटिनमधून आला, त्यात 'ओनस' आहे, ओनस म्हणजे ओझं, दोषाचं ओझं अंगावरून उतरवणं तो हा शब्द. फिक्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, तीस वर्षं या खुर्चीत बसलोय, शब्दाच्या आत असं काही असतं हे कुणी मला दाखवलंच नाही. बहगत यांनाही भरून आलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना खरा विद्यार्थी मिळाला होता. दोघांनी चहा घेतला. फिक्रींनी पैसे घेतले नाहीत आणि स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, नवं भाषांतर लिहून दिलं. आनंदाच्या भरात बहगत यांनी ते वाचलंही नाही.

फलकावर लागल्यावर वाचलं. 'चौथ्या मजल्यावरील रहिवाशाचे सर्व ओझे उतरवण्यात आले आहे.'

 मग हज्जा इन्साफ, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, भिंतीला सोडून थेट बोलल्या.

"ओझं होतं! लिहून दिलंय! उतरवलं म्हणजे चढवलं होतं ना? कपाटच ते!"

"स्वतःच आणून लावलं बघा," बखीतकाका हळहळले. "मन खातं माणसाचं."

बहगत यांच्या आयुष्यात अशी वेळ पूर्वी एकदाच आली होती. शिक्षणाधिकाऱ्यासमोर त्यांनी फळ्यावर 'स्पेलिंग' या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं होतं, तेव्हा. तेव्हा ते आजारी पडले होते. आता मात्र ते संतापले. त्यांनी तिन्ही भाषांतरं फलकावरून ओरबाडून काढली आणि म्हणाले, "कॅप्टन, शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांना जिन्यात बोलवा. मी अख्खा अहवाल वाचून दाखवतो, शब्दन् शब्द. शब्दकोश तुमच्या हातात राहील. ज्याला शंका येईल त्याने मला तिथेच थांबवायचं."

शुक्रवारी जिना भरला. खालच्या पायऱ्यांवर पुरुष, वरच्या पायऱ्यांवर बायका, मधल्या वळणावर उस्ताद. कॅप्टन शब्दकोश सुकाणूसारखा दोन्ही हातांनी धरून बसले. फिक्रीसुद्धा आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना शिकायचं होतं.

बहगत वाचू लागले आणि हळूहळू त्यांचा जुना वर्गातला आवाज परत आला. त्यांनी पहिलं पान ओळीओळीने समजावलं. कपाटाचं वजन क्षमतेत होतं. तार शाबूत होती. मग तो शब्द आला. त्यांनी सांगितलं, 'माफ' म्हणजे केलं होतं पण सोडलं. 'मुक्तता' म्हणजे धरलं होतं पण सोडलं. आणि हा शब्द म्हणजे केलंच नव्हतं, धरायलाच नको होतं, आणि ज्यांनी धरलं त्यांनी आता हात खाली घ्यावेत.

"एवढंच?" कॅप्टन शब्दकोशातून मान वर करून म्हणाले. "मग बरोबर आहे. इथेही असंच लिहिलंय."

जिन्यात कुजबुज झाली. पण ती चांगली कुजबुज होती. शिकवणीतल्या एका मुलीची आई दाराशी उभी होती, तिने मान डोलावली. बहगत यांनी सुखाने श्वास सोडला आणि कागद मिटू लागले.

"थांबा!" वरून हज्जांचा आवाज आला. "दुसरं पान राहिलंय. शब्दन् शब्द म्हणालात ना? अर्धं वाचायचं आणि अर्धं झाकायचं, हे चालायचं नाही."

"त्यात नुसते स्क्रू आहेत, हज्जा."

"मग स्क्रू वाचा."

बहगत यांनी पान उलटलं आणि पहिल्यांदाच ती बारीक अक्षरं नीट वाचली. त्यात स्क्रू नव्हते. त्यात लिहिलं होतं की पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या दारासमोर नियमितपणे बादल्यांनी साबणाचं पाणी ओतलं जातं; ते शाफ्टमध्ये झिरपून दाराच्या कुलपातला पितळी तुकडा गंजला आहे; लिफ्ट थांबली ती याच एका कारणाने; याची संपूर्ण जबाबदारी पाचव्या मजल्यावरील रहिवाशाची असून त्यांनी हे तात्काळ बंद करावं. आकृतीतला बाणही बरोबर हज्जांच्या उंबऱ्याकडे रोखलेला होता.

पाचव्या मजल्यावर एकच घर होतं.

बहगत यांनी वर पाहिलं. हज्जा कठड्याला धरून उभ्या होत्या. दोन्ही गुडघ्यांना लोकरी पट्टे बांधलेले. तीन आठवडे त्या पाच मजले चढत-उतरत होत्या. दर गुरुवारी सकाळी त्या मजला धुऊन घेत हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, आणि का धुतात हेही. त्यांचे यजमान हाजी मुतवल्ली वारले त्या आठवड्यात गुरुवारी माणसं भेटायला येणार म्हणून त्यांनी पहिल्यांदा मजला धुतला होता. पुढच्या गुरुवारीही माणसं आली. मग हळूहळू यायची थांबली. पाणी थांबलं नाही.

त्यांच्या शेजारी, एक पायरी खाली, सिहाम उभी होती. एवढ्या जागेतून नेमकी तिथे.

"वाचा की!" हज्जा म्हणाल्या. "काय लिहिलंय? कुणाचा दोष आहे?"

एक शब्द इकडचा तिकडे केला म्हणून बहगत यांनी मुलांचे गुण कापले होते, फिक्रींना पंख्याखालून उठायला सांगितलं होतं. त्यांनी घसा खाकरला, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि अतिशय स्पष्ट उच्चारांत, जिथे जिथे थांबायला हवं तिथे थांबत, सपशेल खोटं भाषांतर केलं.

"तिम्साह तळ्याच्या दमट हवेमुळे... दाराच्या कुलपातला एक तुकडा... गंजला आहे. यंत्र जुनं झालं आहे. तुकडा बदलावा. यात कुणाचाही दोष नाही."

"कुणाचाच नाही?"

"कुणाचाच नाही. सगळी इमारत एक्झॉनरेटेड."

हज्जांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मीसुद्धा?"

"तुम्ही सगळ्यांत आधी, हज्जा."

फिक्री टाचा उंचावून कागदात डोकावत होते. बहगत यांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. फिक्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वर कठड्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाले, "भाषांतर अचूक आहे. मी शिक्का द्यायला तयार आहे."

"मग एवढी साधी गोष्ट होती तर पहिल्याच दिवशी साध्या भाषेत सांगायची!" हज्जा कडाडल्या. "तीन आठवडे त्या इंग्रजी शब्दाने आमचं डोकं उठवलंत! चल गं सिहाम, कॉफी टाकते. पाच वाजायला वेळ आहे अजून, पण मागची बाकी खूप राहिलीय."

सिहाम संध्याकाळी सातला खाली आली. कपात तिला एक लांबचा प्रवास आणि एक उंच माणूस दिसला होता. तिने परडी पुढ्यात ओढली. मग भाजी निवडता निवडता म्हणाली,

"पाणी होतं ना दुसऱ्या पानावर?"

बहगत दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"बावीस वर्षं दर गुरुवारी चपला हातात धरून जाते मी तिच्याकडे," सिहाम म्हणाली. तिने ओला हात झग्याला पुसला आणि जाता जाता त्यांच्या टकलावरून एकदा फिरवला. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसांत याला फार मोठं भाषण समजतात.

प्रश्न एकच राहिला होता. तुकडा बदलला, लिफ्ट सुरू झाली, दोन मुली शिकवणीला परत आल्या. पण गुरुवार येणार होता आणि गुरुवारबरोबर बादल्या येणार होत्या. हज्जांना पाणी ओतू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. बहगत यांनी दोन दिवस विचार केला, मग बाजारात जाऊन लांब दांड्याचा, रुंद रबराचा एक वायपर विकत आणला.

गुरुवारी सकाळी हज्जांच्या मोलकरणीने चौथी बादली ओतली, तोच उस्ताद बहगत पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाचव्या मजल्यावर हजर झाले आणि लिफ्टच्या दाराकडे निघालेलं पाणी सपासप जिन्याकडे ओढू लागले. हज्जा बाहेर आल्या.

"उस्ताद, हे काय?"

"डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय," बहगत म्हणाले. "दंडांसाठी."

पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलं आणि त्याच्यामागून बातमीही गेली. दुसऱ्या मजल्यावरून कॅप्टन शाकिरांचा आवाज वर आला. त्यांना वाटत होतं ते हळू बोलतायत.

"बखीत, मी म्हणत होतो की नाही? कागदावर काहीही येऊ दे. काहीतरी केलंच असणार त्याने. उगाच कोण दुसऱ्याचा मजला पुसतं?"

"मन खातं हो माणसाचं," बखीतकाका म्हणाले.

बहगत वायपरवर हनुवटी टेकून थांबले. छातीत एक सबंध परिच्छेद उसळून आला, उपवाक्यांसकट. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात 'टिंग' असा आवाज करत लिफ्ट वर आली, दार अलगद सरकलं आणि हज्जा इन्साफ पिशवी सावरत आत शिरल्या. आतल्या आरशात पाहून त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग वळून, बंद होत चाललेल्या दारातून त्यांनी बोट दाखवलं.

"त्या कोपऱ्यात राहिलंय बघा, उस्ताद. पुसताय तर नीट पुसा."

लिफ्ट न अडकता, न कुरकुरता खाली गेली. बहगत तिचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकत राहिले. खाली दार उघडल्याचं ऐकू आलं तेव्हा त्यांनी तोंड मिटलं, वायपर उचलला आणि कोपऱ्याकडे वळले.